हँडीकॅममधील चित्रण लिनक्स संगणकावर : यूएसबीची वाट कोठे अडते?

२००० सालाच्या मागेपुढे लहान व्हिडिओ कॅमेरे, म्हणजेच कॅमकॉर्डर, सर्वसाधारण संस्थांच्या आटोक्यात आले. बोलण्यात त्यांना सरसकट ‘हँडीकॅम’ म्हटले जाऊ लागले. शाळांची स्नेहसंमेलने, ग्रामसभा, स्वच्छता मोहिमा, पाणलोटाच्या कामांची पाहणी, एखाद्या वयोवृद्ध कार्यकर्त्याची मुलाखत असे अनेक प्रसंग त्यांवर टिपले गेले. त्या कॅसेटी ज्या शाळांनी व कार्यालयांनी जपून ठेवल्या, त्यांच्यापुढे आज एक अडचण उभी आहे. कॅसेट आहे, कॅमेरा आहे, लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणकही आहे. कॅमेऱ्याला यूएसबीचे तोंड आहे आणि त्याची वायर संगणकाला व्यवस्थित बसते. तरीही पडद्यावर काहीच उमटत नाही, किंवा उमटते ते टपालाच्या तिकिटाएवढे धूसर चित्र. मग दोष लिनक्सच्या माथी मारला जातो आणि कॅसेट पुन्हा कपाटात जाते.

बहुसंख्य प्रसंगी हा दोष लिनक्सचा नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो. कॅसेटवरील चित्रण बाहेर येण्याची खरी वाट यूएसबीची नसून दुसरीच असते आणि ती कॅमेऱ्याच्या एखाद्या झाकणाखाली दडलेली असते. ही वाट अजून खुली आहे, पण ती कायम खुली राहणार नाही. म्हणून हा विषय केवळ संगणकाच्या जाणकारांपुरता न ठेवता शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

यूएसबीचे तोंड कशासाठी दिले होते?

मिनी डीव्ही ही कॅसेट ज्या डीव्ही पद्धतीवर आधारलेली आहे, ती १९९५ साली बाजारात आली. तीत चित्र व ध्वनी अंकांच्या रूपाने फितीवर लिहिले जातात. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रचौकटी असतात आणि प्रत्येक चौकट १,४४,००० बाइटची असते. म्हणजे ध्वनीसह सेकंदाला ३६ लक्ष बाइट, अथवा सुमारे २९ मेगाबिट एवढा ओघ कॅमेऱ्यातून सतत बाहेर पडला पाहिजे. त्या काळातील यूएसबी १.१ या मानकाची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट होती. बारा इंची नळातून तीस इंची प्रवाह जाणार नाही, हे सांगावयास अभियंता नको.

यासाठी कॅमेरे बनविणाऱ्यांनी दुसरे जोडसाधन घेतले. १९९५ साली प्रमाणित झालेल्या या जोडसाधनाचे तांत्रिक नाव आयईईई १३९४ असे आहे. अ‍ॅपल कंपनीने त्यास फायरवायर म्हटले, सोनीने आय-लिंक म्हटले, आणि अनेक कॅमेऱ्यांवर केवळ ‘डीव्ही’ अशी दोन अक्षरे छापलेली आढळतात. तिन्ही नावांची वस्तू एकच. तिची गती सेकंदाला ४०० मेगाबिटपर्यंत होती.

मग त्याच कॅमेऱ्यावर यूएसबी कशाला? तर कॅमेऱ्यातील लहानशा मेमरी कार्डावर काढलेली स्थिर छायाचित्रे संगणकावर नेण्यासाठी, आणि काही मॉडेलांत संगणकावरील दूरसंभाषणाकरिता कमी दर्जाचे चित्र पाठविण्यासाठी. टपालतिकिटाएवढे चित्र दिसते ते याच कारणाने. पुढे २००० साली यूएसबी २.० हे ४८० मेगाबिट गतीचे मानक आले, तरी बहुतेक उत्पादकांनी कॅसेटवरील चित्रणासाठी फायरवायरच कायम ठेवले. अपवाद आहेत. पॅनासॉनिकच्या काही मॉडेलांतून डीव्ही चित्रण यूएसबी २.० वाटेही मिळते. त्याचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम कॅमेऱ्याची जात ओळखावी

कोणतीही वायर जोडण्यापूर्वी कॅमेरा कशावर चित्रण साठवितो हे पाहावे. निम्मा उलगडा येथेच होतो.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड वा हार्ड डिस्क असेल तर चित्रण आधीच फाइलींच्या रूपात आहे आणि ‘कॅप्चर’ करण्यासारखे काही उरलेलेच नाही. कॅमेऱ्याच्या मेन्यूत यूएसबी जोडणीचा जो पर्याय ‘मास स्टोरेज’ अथवा ‘कॉम्प्युटर’ अशा नावाने असतो तो निवडावा. लिनक्स त्या कॅमेऱ्याकडे पेनड्राइव्हप्रमाणे पाहते आणि फाइली नुसत्या उतरवून घ्यावयाच्या असतात. २००६ पासून प्रचारात आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत त्या ‘बीडीएमव्ही’ नामक फोल्डरातील ‘स्ट्रीम’ या उपफोल्डरात एमटीएस नावाने असतात. जुन्या जेव्हीसी व पॅनासॉनिक कॅमेऱ्यांत एमओडी असे शेपूट लागलेल्या फाइली आढळतात. हे नाव अपरिचित असले तरी आत साधे एमपेग-२ चित्रण असते. एक लांब कार्यक्रम अनेक तुकड्यांत विभागलेला दिसला म्हणून घाबरू नये. कार्डावरील फॅट-३२ मांडणीत चार गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून कॅमेराच तसे तुकडे पाडतो. मोठ्या क्षमतेची कार्डे एक्सफॅट मांडणीची असतात. ती वाचण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात २०१९ पासून आहे, तेव्हा फार जुनी आवृत्ती असेल तर कार्ड न उघडण्याचे कारण हेच असू शकते.

लहान, आठ सेंटिमीटर व्यासाच्या डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरेही मध्यंतरी आले होते. त्यांतील तबकडी प्रथम कॅमेऱ्यातच ‘फायनलाइझ’ करावी लागते आणि ती ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच ठेवावी. नुसत्या फटीत तबकडी ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकून बसते.

राहिल्या कॅसेटी. त्यांतही व्हीएचएस-सी, व्हिडिओ-८ व हाय-८ या अंकीय नसलेल्या जुन्या कॅसेटी निराळ्या, आणि मिनी डीव्ही व डिजिटल-८ या अंकीय कॅसेटी निराळ्या. खरी गुंतागुंत आहे ती या अंकीय कॅसेटींची.

संगणकाला काय दिसते ते संगणकालाच विचारावे

लिनक्सचा एक मोठा गुण असा की, तो काही लपवून ठेवीत नाही. टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टंकित केली की संगणकाला त्या क्षणी जोडलेल्या सर्व यूएसबी उपकरणांची यादी समोर येते. कॅमेरा जोडण्यापूर्वी एकदा व जोडल्यानंतर पुन्हा एकदा ही यादी पाहावी. एक ओळ वाढली तर वायर, तोंड आणि वीजपुरवठा ठीक आहेत. दोष असेल तो वरच्या पायरीवर आहे. ओळ वाढलीच नाही तर मात्र कोणताही कार्यक्रम बदलून उपयोग नाही. अशा वेळी वायर बदलून पाहावी, कारण आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त वायरी केवळ विद्युतभारणासाठी असतात आणि त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. कॅमेरा बॅटरीवर न चालविता अ‍ॅडॉप्टरवर चालवावा. तो चित्रणाच्या नव्हे, तर ‘प्ले’ अथवा ‘व्हीसीआर’ अवस्थेत ठेवावा, आणि मेन्यूतील यूएसबीचा पर्याय तपासावा. कित्येक कॅमेऱ्यांत तो ‘प्रिंटर’ या अवस्थेत ठेवलेला असतो आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ओळ दिसते पण चित्र नाही, अशी स्थिती असेल तर डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा द्यावी. काही वितरणांत ती प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी लागते. तिच्या उत्तरातील शेवटच्या ओळींत संगणकाने त्या उपकरणाला काय मानले ते कळते. साठवणीचे साधन मानले असेल तर छायाचित्रेच मिळतील. व्हिडिओचे साधन मानले असेल तर ‘यूव्हीसीव्हिडिओ’ असा शब्द आढळेल. यूएसबीवरून चित्र पाठविण्याच्या सर्वमान्य पद्धतीचा हा ड्रायव्हर असून तो २००८ पासून लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे. पॅनासॉनिकच्या ज्या मॉडेलांचा वर उल्लेख केला त्यांचा मार्ग हाच. डीव्हीग्रॅब या कार्यक्रमात अशा यूएसबी कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र पर्याय ठेवलेला आहे. परंतु कोणताच ड्रायव्हर पुढे आला नाही, तर त्या कॅमेऱ्याची यूएसबी पद्धत उत्पादकाची खासगी आहे असे समजावे आणि फायरवायरकडे वळावे. त्यावर आठवडे घालविणे आमच्या मते व्यर्थ आहे.

येथे दोन फसव्या गोष्टींची नोंद केली पाहिजे. पहिली म्हणजे परवानगीचा प्रश्न. एकच कार्यक्रम प्रशासकाच्या खात्यातून चालतो व शिक्षकाच्या खात्यातून चालत नाही, असे दिसल्यास वापरकर्त्याचे नाव संगणकातील ‘व्हिडिओ’ या गटात घालावे आणि त्यानंतर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. दुसरी गोष्ट अधिक मजेशीर आहे. चित्र सुरू करताना ‘उपकरणावर जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश कधी कधी येतो. लोक डिस्कवरील फाइली पुसू लागतात. वस्तुतः ही जागा डिस्कवरची नसून यूएसबीच्या मार्गावरची असते. व्हिडिओचे साधन आपल्यासाठी मार्गाचा मोठा हिस्सा राखून घेते आणि त्याच मार्गावर वेबकॅमसारखे दुसरे साधन असेल तर उरलेल्यास वाट मिळत नाही. हब काढून टाकावा, वेबकॅम सोडवावा आणि कॅमेरा संगणकाच्या मागील बाजूच्या तोंडास थेट जोडावा.

फायरवायरची वाट

डीव्ही कॅसेटसाठी कॅमेऱ्यावर चार पिनांचे, लहान व चपटे तोंड असते. संगणकावर बहुधा सहा पिनांचे लागते. टेबलावरील संगणकात पीसीआय अथवा पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारे फायरवायर कार्ड घालता येते आणि लिनक्समध्ये त्यासाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, कारण तो गाभ्यातच आहे. लिनक्सची फायरवायर यंत्रणा एकदा मुळापासून नव्याने लिहिली गेली. नवी यंत्रणा २००७ साली आली आणि जुनी २०११ च्या आरंभी काढून टाकण्यात आली. म्हणून त्यापूर्वीच्या पुस्तकांतील ‘रॉ १३९४’ हे ड्रायव्हर हाताने चढविण्याची सूचना आज लागू पडत नाही. तिच्या मागे लागलेले कित्येकजण विनाकारण अडून बसतात.

बाजारात एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी वायर स्वस्तात विकली जाते. ती घेऊ नये. दोन्ही पद्धतींची भाषाच भिन्न आहे, आणि नुसती वायर दुभाष्याचे काम करू शकत नाही. पैसे जातातच, शिवाय वीजदाबाची जुळणी नसल्याने कॅमेऱ्यास इजा होण्याची भीती आहे.

जोडणी झाल्यावर डीव्हीग्रॅब हा कार्यक्रम वापरावा. डेबियन व उबंटूसारख्या वितरणांत तो सहज उपलब्ध आहे. फायरवायरचा लाभ असा की, फीत गुंडाळणे, चालविणे व थांबविणे ही कामेही संगणकावरूनच करता येतात. मूळ ठेवणीनुसार डीव्हीग्रॅब सुमारे एक गिगाबाइट भरला की नवी फाइल सुरू करतो, म्हणजे साधारण दर पाच मिनिटांनी. हा बिघाड नव्हे; ही मर्यादा बदलता येते. ती काढून टाकली आणि तरीही वीस मिनिटांच्या सुमारास काम थांबते, असा अनुभव आल्यास बाहेरची डिस्क फॅट-३२ मांडणीची आहे हे ओळखावे. त्या वेगाने चार गिगाबाइट भरावयास तेवढाच वेळ लागतो. अशी डिस्क लिनक्सच्या एक्स्ट-४ मांडणीत नव्याने तयार करून घ्यावी. अर्थात तीवरील जुन्या फाइली आधी इतरत्र हलवाव्यात.

चित्रचौकटी गळत असल्याची सूचना आली तर डिस्कवर त्याच वेळी दुसरे मोठे काम चालू नाही ना, ते पाहावे. सेकंदाला ३.६ मेगाबाइट लिहिणे दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या संगणकासही जड नाही. त्यामुळे चौकटी सतत आणि त्याच त्या ठिकाणी गळत असतील, तर संशय फितीवर किंवा कॅमेऱ्याच्या हेडवर घ्यावा. मिनी डीव्ही फितीवरील एका पट्ट्याची रुंदी अवघी १० मायक्रोमीटर असते. हेडवर जमलेली थोडीशी धूळही तेथे डोंगराएवढी ठरते. कोरड्या सफाई कॅसेटने काही सेकंद हेड साफ केल्यास पुष्कळदा चित्र सुधारते. ‘एलपी’ म्हणजे दीर्घ अवस्थेत चित्रित केलेल्या कॅसेटीत हे पट्टे आणखी अरुंद असतात आणि त्या बऱ्याच वेळा ज्या कॅमेऱ्यावर चित्रित झाल्या त्यावरच नीट चालतात. यासाठी जुना कॅमेरा भंगारात काढण्याची घाई करू नये. मोठ्या कंपन्यांनी मिनी डीव्ही कॅमेऱ्यांचे उत्पादन केव्हाच थांबविले असून, उद्या कॅसेट सापडेल पण ती वाचणारे यंत्र सापडणार नाही, अशी वेळ येऊ शकते.

तारीख हीच खरी ठेव

जेथे फायरवायर उपलब्ध नाही तेथे एक सोपी पळवाट नेहमी सुचविली जाते. कॅमेऱ्याच्या पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांच्या वायरी यूएसबीच्या एका लहान डबीला जोडावयाच्या आणि डबी संगणकाला. व्हीएचएस-सी, हाय-८ यांसारख्या कॅसेटींना बहुधा हाच मार्ग आहे, आणि त्यांच्यासाठी तो अवश्य वापरावा. मात्र एकाच नावाने व एकाच आकाराने विकल्या जाणाऱ्या या डब्यांच्या पोटात निरनिराळ्या चिप असतात. एसटीके ११६० या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये २०१२ साली आला, यूटीव्ही ००७ चा २०१३ साली. ईएम २८६० जातीच्या चिप त्याहून आधीपासून चालतात. तेव्हा वेष्टनावरील नावावर विश्वास न ठेवता वर सांगितलेल्या यादीत उपकरणाचा क्रमांक पाहावा. चित्र काळे-पांढरे दिसत असेल किंवा वरखाली धावत असेल, तर कार्यक्रमात पालऐवजी अमेरिकेतील एनटीएससी पद्धत निवडली गेली आहे असे समजावे. परदेशातील नातेवाइकांनी तिकडून आणलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत याच्या उलट प्रकार संभवतो. चित्र येते पण आवाज येत नाही, याचे कारण लिनक्स या डबीतील चित्र व ध्वनी ही दोन स्वतंत्र उपकरणे मानते आणि दोन्ही निवडावी लागतात. चित्रच येत नसेल तर पिवळे टोक तांबड्याच्या जागी लावून पाहावे; कॅमेऱ्याकडील एकाच पिनेतून तिन्ही टोके निघणाऱ्या वायरींची रचना सर्व कंपन्यांची सारखी नसते.

परंतु मिनी डीव्ही कॅसेट या मार्गाने उतरविणे म्हणजे मूळ दस्तऐवज समोर असताना त्याची अंधूक छायाप्रत घेण्यासारखे आहे. अंकांचे चित्र प्रथम विद्युतलहरींत बदलते व पुन्हा अंकांत येते. त्यात चित्राचा दर्जा उतरतो, ही हानी एक वेळ सोसता येईल. न भरून येणारी हानी दुसरीच आहे. डीव्ही पद्धतीत चित्रासोबतच चित्रणाची तारीख व वेळ फितीवर लिहिली जाते. फायरवायरने उतरविलेल्या फाइलीत ती शाबूत राहते. पिवळ्या वायरीतून ती अंकरूपाने येतच नाही. ग्रामसभा कोणत्या दिवशी झाली, बंधाऱ्याची पाहणी पावसाळ्यापूर्वीची की नंतरची, हे सांगणारी माणसे उद्या नसतील. डीव्हीग्रॅबमध्ये ‘टाइमस्टँप’ हा पर्याय दिल्यास चित्रणाची तारीख व वेळ फाइलीच्या नावातच येते, आणि ‘ऑटोस्प्लिट’ दिल्यास जेथे कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला होता तेथे नवी फाइल पडते. एका कॅसेटवर तीन वर्षांतील पाच कार्यक्रम असले तरी ते आपोआप वेगळे होतात.

या तारखेवर आंधळेपणाने विसंबू नये, हेही खरे. कॅमेऱ्यातील घड्याळाची लहान बॅटरी उतरली असेल किंवा घड्याळ कधी लावलेच नसेल, तर प्रत्येक प्रसंग एक जानेवारीस घडल्याचे दिसेल. इतिवृत्त अथवा शाळेच्या अहवालाशी तारीख पडताळून नोंदवहीत तसा शेरा लिहावा.

वेळ किती उरला आहे?

अ‍ॅपल कंपनीने २०२५ साली आलेल्या मॅकओएस २६ पासून फायरवायरचा आधार काढून टाकला. लिनक्समध्ये या भागाची देखभाल पाहणारे ताकाशी साकामोतो यांनी २०२९ पर्यंत ही यंत्रणा सांभाळण्याचा मनोदय जाहीर केलेला आहे. त्यानंतर जुन्या आवृत्त्यांचे संगणक चालतीलच, पण कार्डे, वायरी व चालू स्थितीतील कॅमेरे दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार आहेत. प्रत्येक शाळेने वा ग्रामपंचायतीने हा सरंजाम स्वतंत्रपणे उभारण्याची आवश्यकता नाही. तालुक्याच्या ठिकाणी फायरवायर कार्ड बसविलेला एक जुना संगणक आणि दोन चालू कॅमेरे असले तरी आसपासच्या गावांच्या कॅसेटी क्रमाक्रमाने उतरविता येतील. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही प्रणालीदेखील डेबियनवरच आधारलेली असल्याने ती वापरणाऱ्या कार्यालयांना ही साधने परकी वाटणार नाहीत.

कामास बसण्यापूर्वी कॅसेटींकडे एक नजर टाकावी. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसल्यास ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. एका बुरसटलेल्या कॅसेटमुळे हेड खराब होते आणि पुढच्या दहा कॅसेटी अडतात. अशा कॅसेटी वेगळ्या काढून जाणकाराच्या हवाली कराव्यात. चांगल्या कॅसेटी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळाव्यात, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून राहिलेली फीत मोकळी होते. प्रत्येक कॅसेटची पुसण्यापासून संरक्षण देणारी बारीक सरकपट्टी ‘सेव्ह’ बाजूस आहे याची खात्री करावी.

एका तासाच्या कॅसेटला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर पंचाहत्तर तासांचे चित्रण मावते. भ्रमणध्वनीवर पाहण्यासाठी वा वाटण्यासाठी त्यातून एफएफएमपेगद्वारे लहान एमपी-४ प्रत काढावी. ती काढताना ‘डीइंटरलेस’ करण्यास विसरू नये, नाही तर हलणाऱ्या वस्तूंच्या कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. मूळ डीव्ही फाइल मात्र आहे तशीच ठेवावी. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर काढून त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि कॅसेटचा क्रमांक, प्रसंग, गाव व उतरविल्याचा दिनांक यांची नोंद कागदी नोंदवहीतही करावी.